आधी थांबणं, मग नेम



वारंगा फाट्यावर अजून पुरतं उजाडलेलं नाही. टपरीवर चहा उकळतोय. नांदेडला जाणारी माणसं एसटीची वाट बघताहेत. पलीकडं लिंबाखाली एक पोरगा गलोल ताणून उभा आहे. समोर दगडावर पत्र्याचा डबा. तेवढ्यात डब्यामागून एक आजी घागर घेऊन आली. पोरानं रबर सैल सोडलं. आजी लांब गेली, मगच खडा सुटला. नेम हुकला. तरी मला वाटलं, पोरगा जिंकला.

आधी थांबणं, मग नेम.

कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे आठवतो ना? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकाचा मुलगा. शाळकरी वयात क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथं नेमबाजी शिकला. २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं रायफल नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं. या खेळाचे पहिले धडे साधेच असतात. नळी कधी माणसाकडं वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. श्वास सोडायचा, स्थिर व्हायचं.

मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक कधी द्यावी? नुसतं वय मोजू नका. ‘थांब’ म्हटल्यावर जो थांबतो, त्याच्या हाती द्या. तीही जाणत्या माणसाच्या नजरेसमोर.

आणि श्रोतेहो, चाप काय बंदुकीलाच असतो? जिभेलाही असतो. राग आला की आपलं बोट आधी तिथंच जातं. मुलं ते बघत असतात.

आज घरात कुणावर आवाज चढवावासा वाटला, तर क्षणभर थांबा. समोर कोण आहे, ते नीट बघा.

आधी थांबणं, मग नेम.