तेल जातं कुठं?

लळिंगचा घाट उतरून गाडी धुळ्याच्या सपाट रस्त्याला लागली आणि स्टिअरिंग एकाएकी जड झालं. बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला. गाडीवाल्यानं दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. शहाणपणाचं केलं. पॉवर गेली तरी स्टिअरिंगचा चाकांशी असलेला सांधा सुटत नाही; ते वळतं, फक्त ताकद लागते. ‘लॉक झालं’ समजून जो हात सोडतो, त्याचा घात होतो.

टोचन करून गाडी पांझरेपलीकडे देवपुरात, नेहमीच्या गॅरेजला आणली.

“पंप बसला,” हाताखालचा पोरगा बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला.

“आधी देख, मंग बोल,” म्हातारे मिस्तरी म्हणाले. पुढची चाकं जॅकवर घेऊन त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. चाकं दोन्हीकडे वळली. मग बॉनेट उघडलं. पट्टा तुटून लोंबत होता. या गाडीत स्टिअरिंगचा पंप, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर चालतात, म्हणून तिन्ही दुखणी एकदम दिसली. पंपाची पुली त्यांनी हातानं फिरवून पाहिली. कुठंही घासत नव्हती.

“म्हणजे पट्टाच ना! टाका नवा,” गाडीवाल्याचा जीव भांड्यात पडला. “संध्याकाळी शिरपूरला हळद आहे, काका.”

मिस्तरींनी तुटका पट्टा त्याच्या हातात दिला. फुगलेला, बुळबुळीत. “भाऊ, स्टिअरिंगच्या डबीत तेल कधी टाकता?”

“महिन्या-दोन महिन्यांनी. कमी झालं की टाकतो. कधी चुकवलं नाही.”

“मग ते जातं कुठं?”

गाडीवाला गप्प झाला.

मिस्तरींचे वडील साक्रीकडच्या एका गावात फडाचे पाटकरी, म्हणजे शेतांना जाणाऱ्या पाटाचं पाणी सांभाळणारे, होते. पाटाला पाणी कमी आलं की ते बंधाऱ्याकडे जास्त पाणी मागायला जात नसत. आधी पाटाचा काठ धरून चालत, फूट शोधत. मिस्तरींनी तसंच केलं. पंपाकडून निघालेला पाइप फडक्यानं कोरडा केला आणि बोटानं चाचपत गेले. सांध्याखाली पुन्हा ओल आली. तिथूनच थेंब थेंब तेल पट्ट्यावर पडत होतं.

“क्लिप आवळून द्या, आजचा दिवस निघू द्या.”

“नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं की या पाइपात टायरच्या तीसपटीहून जास्त दाब येतो. क्लिप टिकायची नाही. आणि तेल तापल्या सायलेन्सरवर उडालं तर पेटेल. पाइप उद्या येईल. नवा पट्टा आज टाकून मी तुम्हाला पोराबाळांसह रस्त्यावर पाठवणार नाही.”

गाडीवाला चिडला, तणतणत बसस्टँडकडे गेला. गिऱ्हाईक तुटेल हे मिस्तरींना कळत होतं; तरी त्यांनी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी पाइप बदलला, पट्टा चढवला, पुलींवरचं तेल पुसून काढलं. तेल भरून, हवा निघेपर्यंत स्टिअरिंग दोन्हीकडे वळवलं. डबीवर तेलाच्या पातळीला खूण केली. “आठ दिवसांनी दाखवा.”

आठ दिवसांनी तो आला. तेल खुणेवरच होतं. तरी तो जाईना.

“काका, रेडिएटरमध्येही मी दर चार दिवसांनी पाणी घालतो. तेही कुठं जातं, बघता का?”