वाफसा येईपर्यंत

२०२५ च्या दसऱ्याला चार दिवसांची रजा टाकून मी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो, ते ज्वारीची पेरणी उरकूनच परत यायचं ठरवून. सप्टेंबरभर पाऊस हटला नव्हता. सीनाकाठची गावं पाण्यात गेली होती. आमचं रान नदीपासून लांब, उंचावर, तरी काढायला आलेल्या उडदाला शेंगांतच कोंब फुटले आणि पीक हातचं गेलं. आता सगळी मदार ज्वारीवर. पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, वरची माती पांढुरकी दिसायला लागली. मी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या दुपारी मोकळा आहे, नंतर आठ दिवस नाही.

रान कसतात तात्या. निम्म्या बटईनं, गेली सहा वर्षं. त्यांनी बांधावर चप्पल काढली, चार पावलं आत गेले, वीतभर उकरून मूठभर माती घेतली आणि दाबली. तो गोळा कमरेच्या उंचीवरून सोडला. फुटला नाही, थपकन चपटा झाला.

"आरं, वाफसा कुठाय अजून? ट्रॅक्टर घालू नगंस."

वाफसा म्हणजे मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी मधली अवस्था. काळ्या रानात तो वर लवकर येतो, खाली उशिरा. खाली ओलं असताना जड ट्रॅक्टर फिरवला की चाकाखाली माती दाबून घट्ट थर बसतो, आणि वर निघालेली ढेकळं वाळून विटेसारखी होतात. मुळं त्या थरापाशी अडतात. कोरडवाहू रब्बी ज्वारी तर जमिनीत साठलेल्या ओलीवरच वाढते, तिची मुळं खाली जायलाच हवीत. एवढं मलाही माहीत होतं (म्हणजे यूट्यूबवर बघितलं होतं). पण थांबण्याचीही किंमत असते. पेरणीचा चांगला काळ साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्यापुढे जावं तशी ओल उडते आणि उतारा घटतो.

आता हिशेब बघा. उशिराचं नुकसान याच हंगामात होणार, दोघांचं निम्मं निम्मं. त्यात मला पगार आहे. तात्यांच्या घरी हीच ज्वारी वर्षभर खायची आणि हाच कडबा जनावरांना. घट्ट थराचं नुकसान मात्र पुढच्या हंगामांवर पसरणार. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून स्वतःला बरीचशी सावरून घेते हे खरं, पण मधली पिकं जातातच. आणि तेव्हा तात्या या रानात असतील याची खात्री नाही. आमचा करार तोंडी, दर पाडव्याला नवा. म्हणजे घाई त्यांना असायला हवी होती आणि "थांबा" मी म्हणायला हवं होतं. झालं उलटं.

यावर मातीवरच्या प्रेमाबद्दल काहीतरी लिहून मोकळं होता येईल. तात्यांना ते हास्यास्पद वाटेल. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चिखलात बी कुजतंय. परत पेरायला तू देणार का बी?" सरळ व्यवहार. मग मी म्हटलं, बरं, पेरणी नंतर करा, उद्या नुसता रोटर तरी मारून घेऊ. त्यालाही ते नाही म्हणाले. इथे तर बी कुजायचा प्रश्नच नव्हता. "रान बिघडतंय," एवढंच. कुणाचं रान, ते त्यांनी म्हटलं नाही.

जे आपलं नाही, त्याचं पुढचं नुकसान टाळायला आपलं आजचं का सोडावं? कॉलेजात हा प्रश्न हवामानबदल, पुढच्या पिढ्या अशा भारदस्त रूपात भेटला होता. त्याचं उत्तर देताना आम्ही सगळे मालकाच्या जागी उभे राहायचो: पृथ्वी आपली आहे, म्हणून जपायची. मालकी नसताना जपणारा माणूस त्या उत्तरात कुठे बसवायचा हे मला कळत नाही. आणि मालकाचं म्हणाल तर तो ट्रॅक्टरवाल्याला फोन लावत होता.

करार तोंडी का, हेही सांगायला हवं. १९४८ चा कूळ कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. त्याची धास्ती आमच्या घरात आजोबांपासून चालत आली आहे. त्यामुळे कागदावर तात्या कुठेच नाहीत. सातबारा माझ्या नावावर, पीक पाहणीत नाव माझं, म्हणून अतिवृष्टीची मदत आली तीही माझ्या खात्यात. उडदाचं बी निम्मं त्यांचं होतं आणि राबणं सगळं त्यांचं.

आई म्हणाली, बटई निम्म्याची आहे, निम्मे दे. हिशेब चोख वाटतो. पण मी आपणहून दिले तर ते उपकार ठरतात. हक्क म्हणून द्यायचे तर कागद हवा, आणि कागदाला मीच भितो. शिवाय उडदाचं नुकसान निम्मं मोजता येतं; त्या दुपारी माझं रान वाचलं, ते कशात मोजायचं?

वाफसा आला, पेरणी ११ ऑक्टोबरला झाली. मी तेव्हा पुण्यात होतो. मदतीचे निम्मे पैसे मी पाठवले. "मिळाले," असा तात्यांच्या मुलाचा मेसेज आला. कागदाचा विषय पाडव्याला काढायचा असं ठरवलं होतं. पाडव्याला गावी गेलो, जेवलो, पुढच्या वर्षाचं तोंडीच ठरलं.