तोच की दुसराच? घरगुती गमीतल्या जिलेटिनचा प्रश्न

घरी गमी करण्याची कृती सोपी आहे. जिलेटिन थंड पाण्यात फुगवून ते गरम केलेल्या फळांच्या रसात विरघळवायचे, गॅस बंद करून अश्वगंधा, ब्राह्मी किंवा हळदीचा अर्क घालून ढवळायचे आणि मिश्रण साच्यांत ओतून फ्रिजमध्ये ठेवायचे. या कृतीत तत्त्वज्ञानातला एक जुना वाद दडलेला आहे. मुळी खणली, वाळवली, कुटली, द्रावात मुरवली आणि आटवली, तरी अर्कात उतरली ती अश्वगंधाच, असे करणारा धरून चालतो. एरवी अर्क घालण्यात अर्थच नाही. त्याच भांड्यातले जिलेटिन जनावराच्या कातड्यापासून किंवा हाडांपासून आलेले असते. ते मात्र आता ‘ते’ राहिलेले नाही, असे पुष्कळांना वाटते. निदान तसे वाटून घेणे सोयीचे असते.

हाडांपासून जिलेटिन काढताना हाडांचा चुरा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यातले खनिज काढून टाकतात. उरलेला मऊ भाग कित्येक आठवडे चुन्याच्या निवळीत मुरवतात आणि मग गरम पाण्यात त्याचा अंश उतरवून घेतात. डुकराच्या कातड्याला चुन्याऐवजी आम्ल पुरते. शेवटी हाती येते ती फिकट, जवळजवळ बेचव भुकटी. तिच्यात ना हाडाचा आकार, ना मांसाचा वास.

असे रूप पालटल्यावर पदार्थ तोच राहतो का, याचे भारतीय दर्शनांनी दिलेले उत्तर एक नाही. सांख्यांच्या सत्कार्यवादाप्रमाणे कार्य कारणात आधीपासूनच असते: तिळात तेल, दुधात दही. या मताने जिलेटिन म्हणजे प्रकट झालेले कातडेच. नैयायिकांच्या मते दही हे नवे द्रव्य आहे आणि ते होताना दूध नष्ट होते. न्याय आणि वैशेषिक यांच्यात पुन्हा भट्टीतल्या मडक्यावरून मतभेद आहे. वैशेषिक म्हणतात, कच्चे मडके परमाणूंपर्यंत सुटते आणि लाल मडके नव्याने घडते. नैयायिक म्हणतात, मडके तेच राहते, फक्त रंग पालटतो. जैन दर्शन उत्पत्ती, नाश आणि टिकून राहणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मानते. समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसा’मध्ये त्यासाठी सोन्याचा घट मोडून मुकुट करण्याचे उदाहरण घेतले आहे: घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो, आणि ज्याला सोनेच हवे त्याला काहीच फरक पडत नाही. म्हणजे पदार्थ बदलला की नाही, हे विचारणारा त्यात काय शोधतो यावरही अवलंबून आहे.

इस्लामी धर्मशास्त्रात हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही, त्यावर निर्णय द्यावा लागतो. ‘इस्तिहाला’ म्हणजे पदार्थाचे संपूर्ण रूपांतर, आणि त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे दारूचा शिरका. दारू निषिद्ध, शिरका चालतो. हनफी आणि मालिकी परंपरा हे तत्त्व व्यापकपणे लागू करतात. शाफी आणि हंबली परंपरा त्याला फार कमी वाव देतात. शाफी मताने दारूत काही मिसळून केलेला शिरकाही चालत नाही. महाराष्ट्रात याचा संबंध थेट येतो, कारण कोकणी मुसलमान मुख्यतः शाफी आहेत, तर देशावरचे बहुसंख्य हनफी. डुकराच्या जिलेटिनबद्दल 1986 साली अम्मानला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने ‘चालणार नाही’ असा निर्णय दिला. 1995 साली कुवेतमधल्या वैद्यकीय-धर्मशास्त्रीय परिसंवादाने रूपांतराच्या आधारे ‘चालेल’ म्हटले. यहुदी धर्मशास्त्रात याला समांतर कल्पना ‘नवा चेहरा’ अशी आहे. विल्नाचे रब्बी हाइम ओझेर ग्रोजेन्स्की यांनी कोरड्या हाडांच्या जिलेटिनला परवानगी दिली, तर अमेरिकेतल्या रब्बी आहरोन कोटलर आणि मोशे फाइनस्टाइन यांना ती मान्य नव्हती.

रसायनशास्त्राचा कल इथे कडक मताकडे आहे. दारूचा शिरका होताना मद्यार्काच्या रेणूपासून निराळाच रेणू बनतो. कातड्या-हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनाचे जिलेटिन होताना तीन पदरांचा दोर उसवतो आणि त्याचे धागे जागोजागी तुटतात; धाग्यांतला अमिनो आम्लांचा क्रम बराचसा तसाच राहतो. म्हणून तर प्रयोगशाळेत जिलेटिन डुकराचे की गाईचे हे ओळखता येते. स्वयंपाकघरातही याचा पडताळा मिळतो: अननसाच्या न तापवलेल्या ताज्या रसात जिलेटिनची गमी धरत नाही, कारण त्या रसातले पाचक द्रव्य प्रथिने तोडते. शिरक्याच्या दाखल्यावर जिलेटिनला सूट देणे त्यामुळे जरा घाईचे ठरते.

अर्थात शुद्धी हा एक प्रश्न झाला, हिंसा हा दुसरा. भुकटी कितीही नवी असली तरी तिच्यामागचा वध मागे घेतला जात नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राण्याला मारणाऱ्याच्या ओळीत अनुमती देणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणाराही बसवला आहे. (त्याच अध्यायात यज्ञातल्या मांसाला मुभा आहे, हेही खरे.) दुकानातली तयार गमी घेणारा या यादीत दोन ठिकाणी येतो, घरी करणारा मात्र विकत घेतो, शिजवतो, वाढतो आणि खातोही. बौद्ध विनयात भिक्षूला आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला, तरच मांस वर्ज्य आहे. पण ती सवलत भिक्षा मागणाऱ्यासाठी आहे, बाजारातून पुडी आणणाऱ्यासाठी नव्हे.

‘औषध म्हणून चालते’ हा युक्तिवाद इथे ताणावा लागतो. छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. दुष्काळात तो हत्ती पाळणाऱ्याचे उष्टे कुळीथ खातो, पण त्याचे उष्टे पाणी नाकारतो. कुळीथ खाल्ले नसते तर तो जगला नसता. पाणी हवे तेव्हा मिळण्यासारखे होते. एखादे आवश्यक औषध फक्त जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये मिळत असेल, तर ती कॅप्सूल कुळथाच्या जागी आहे. घरची गमी पाण्याच्या जागी आहे, कारण तिला पर्याय किराणा दुकानातच मिळतो. चायना ग्रास म्हणजे आगर, ते लाल समुद्री शेवाळापासून काढतात. पेक्टिन लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून येते. आगराची गमी साधारण 35 ते 40 अंशांना धरते आणि मग सुमारे 85 अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून उन्हाळ्यातही टिकते. जिलेटिनची गमी तोंडात विरघळते तशी मात्र ती विरघळत नाही.

पर्याय मिळाल्यानेही जैन स्वयंपाकघरातला प्रश्न सुटत नाही, कारण तिथे अर्काचीही चौकशी होते. मध वर्ज्य. ओले आले आणि ओली हळद कंदमुळांत मोडतात, म्हणून तीही वर्ज्य. सुंठ आणि वाळलेली हळद मात्र पुष्कळ घरांत चालते. जिलेटिनच्या बाबतीत रूपांतराला दाद न देणारी परंपरा सुंठीला मुभा देते, यात विसंगती दिसते खरी. पण आले उन्हात आपोआप वाळते, सुंठ चिमूटभर आणि बहुधा औषधासाठीच लागते, हे कारण तिथे सांगितले जाते. वाळवलेल्या बटाट्याला ही मुभा नाही.