मारका बैल आणि आपले वाहन

शास्त्रपाठ : निर्गम २१:२८-३६, अनुवाद १९:१-१०, लूक १०:२५-३७



मोशेच्या नियमशास्त्रात बैलाविषयी एक नियम आहे. आपण तो बहुधा भरभर वाचून पुढे जातो, कारण आज आपल्या दारी बैल नाही. स्कूटर आहे, कोणाकडे मोटार आहे. नियम असा : एखाद्याच्या बैलाने माणसाला शिंग मारून ठार केले, तर बैल मारावा, धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे हे धन्याला आधीच बजावले असून त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर धनीही दोषी. म्हणजे काय घडले एवढेच देव विचारीत नाही. तुला काय ठाऊक होते, हेही तो विचारतो.

ब्रेक नीट लागत नाही हे ठाऊक आहे, तरी गाडी बाहेर काढली. डोळ्यांवर झोप आहे, तरी रात्रीच इंदूर गाठायचे आहे. मुलगा सोळा वर्षांचा आहे, तरी बाप कौतुकाने किल्ली हाती देतो. असा बैल आपण मोकळा सोडतो आणि कोणी चिरडला गेला म्हणजे म्हणतो, "देवाची इच्छा!" जे आपल्या हाती होते ते देवावर ढकलू नये. देशाचा कायदाही तसे ढकलू देत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडविधानात ती दोन वर्षांपर्यंत होती. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरती काळजी घेतली होती, हे त्यांनीच सिद्ध करावयाचे असते.

दुसरी गोष्ट आश्रयनगरांची. दोघे रानात लाकडे तोडावयास गेले, कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि सोबती मेला. वैर नव्हते, हेतू नव्हता. अशा मनुष्यासाठी परमेश्वराने नगरे नेमून दिली. पण लक्षात घ्या, ती नगरे तोंड लपविण्यासाठी नव्हती. गणनेच्या ३५ व्या अध्यायात स्पष्ट आहे की त्याने मंडळीपुढे उभे राहावे आणि मंडळीने न्याय करावा. देवाच्या घरी आश्रय आहे, पण तो सत्य सांगणाऱ्याला आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १३४ चालकावर असेच कर्तव्य घालते. जमाव खवळला असेल किंवा दुसरे काही कारण त्याच्या आवाक्याबाहेरचे असेल तर गोष्ट निराळी. एरवी त्याने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा इस्पितळात पोहोचवावे, आणि पोलिसांना कळवावे, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. पळून जाणारा दुसऱ्यांदा अपराध करतो. आणि त्याहून वाईट एक चाल आहे : गाडी चालवीत होता धन्याचा मुलगा, पण ठाण्यात नाव लिहिले जाते पगारी ड्रायव्हरचे. त्या गरिबाच्या घरच्यांना पैसे मिळतात व प्रकरण मिटते. बंधूंनो, माणसांपुढे मिटते. देवापुढे ती खोटी साक्ष आहे.

तिसरी गोष्ट दुबळ्याची. पायी चालणारा व सायकलवाला यांच्याही माथी कर्तव्य आहे. सायकलला दिवा नाही, उलट्या बाजूने येणे आहे, न पाहता रस्ता ओलांडणे आहे. त्याचीही चूक ठरली, तर अपघात दावा न्यायाधिकरण त्या प्रमाणात भरपाई कमी करू शकते. तथापि कायदा दोघांना एकाच तराजूत घालीत नाही. कलम १६४ अन्वये चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृताच्या कुटुंबास पाच लाख व गंभीर जखमीस अडीच लाख रुपये मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यावयाचे असतात. जो जड व वेगवान वस्तू रस्त्यावर आणतो, धोकाही तोच आणतो. बेळगावच्या खानापूर रोडने जाताना समोर सायकलीवर दुधाचे कॅन लावलेला मनुष्य दिसला, तर हॉर्न वाजवण्याआधी हे आठवावे.

कोणी म्हणेल, "विमा आहे, कंपनी भरील." भरील, भरावेच. पण निर्गमाच्या त्याच अध्यायात सांगितले आहे की ज्याने इजा केली त्याने जखमीच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत त्याची काळजी वाहावी. अंथरुणाशेजारी जाऊन बसणे कोणत्याही कंपनीच्या पॉलिसीत लिहिलेले नसते.

शेवटी, तो शोमरोनी. अपघात त्याने केला नव्हता; कायद्याने त्याच्यावर काहीच येत नव्हते. तरी त्याने जखमा बांधल्या, दोन दिनार दिले आणि परतताना उरलेला खर्च देण्याचे वचन दिले. आज "पोलिसांचे लफडे नको" म्हणून आपण याजक व लेवी यांच्यासारखे बाजूने जातो. ते निमित्तही आता उरलेले नाही. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमीवर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते. मदत करताना त्याच्या हातून काही चुकले, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. आश्चर्य असे की कायद्याच्या इंग्रजी पुस्तकात त्या मनुष्याला नाव दिले आहे ते प्रभूच्या दाखल्यातलेच : चांगला शोमरोनी! सरकारने दाखला वाचला. मंडळी तो विसरेल काय?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस विनंती : पुढच्या वेळी हा दाखला शिकवताना यरीहोच्या वाटेबरोबर मंदिरासमोरचा रस्ताही मुलांना दाखवा. आणि आपण सर्वांनी या आठवड्यात आपला "बैल" तपासावा : ब्रेक, दिवा, लायसन, विम्याची तारीख आणि स्वतःची घाई.

हे प्रभो, ज्यांचे कोणी रस्त्यावर गेले त्यांचे सांत्वन कर. ज्यांच्या हातून कोणी गेले त्यांस सत्य बोलण्याचे धैर्य दे. आणि वाटेत पडलेल्यापाशी थांबावयास आम्हांस शिकव. आमेन.