हातातले सामान, सोपवलेले सामान

विमानतळावर काउंटरवरची मुलगी विचारते, "सामान चेक-इन करायचे आहे का?" आणि आपण बरेचदा थोड्या अभिमानानेच उत्तर देतो, "नाही, फक्त हातातली बॅग आहे." हे सांगताना मनात कुठेतरी सुखावल्यासारखे होते. आपण थोडक्यात भागवणारे, सुटसुटीत माणूस आहोत, जवळजवळ अपरिग्रहीच! साधक मित्रहो, आज या उत्तरापाशी जरा थांबू या. मला स्वतःला ते अनेक वर्षे अगदी खरे वाटत होते.

देशांतर्गत प्रवासात साधारणपणे ७ किलो हातात आणि १५ किलो चेक-इनमध्ये नेता येते. हे १५ किलो सोडून देणारा माणूस त्यागी दिसतो. पण आपण ते का सोडतो, हे प्रामाणिकपणे पाहिले तर कारणे निराळीच निघतात. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळायला नको. बॅग हरवेल, कोणी आपटेल, चाक मोडेल ही धास्ती. थोडक्यात, जे माझे आहे ते माझ्या नजरेसमोरच राहिले पाहिजे. पतंजलींनी पाच यमांमध्ये अपरिग्रह शेवटी ठेवला आहे. तो नुसता किलोत मोजता आला असता तर वजनकाट्यानेच आपल्याला प्रमाणपत्र दिले असते. ज्याने १५ किलोची पेटी पट्ट्यावर ठेवली आणि पावती खिशात घालून तो निवांत चहा प्यायला गेला, त्याची त्या तासापुरती तरी सुटका झालेली असते. ७ किलोवाला मात्र प्रसाधनगृहातही बॅग घेऊन जातो.

(याचा अर्थ मोठी पेटी नेणारा श्रेष्ठ, असा मुळीच नाही. पंधरा दिवसांच्या लग्नसराईचे कपडे घेऊन निघालेल्या माणसाने हे वाचून फार खूष होऊ नये.)

कायद्यालाही हा फरक मान्य आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासासाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे, भारतही २००९ पासून त्यात आहे. त्यानुसार कंपनीच्या ताब्यात दिलेल्या सामानाची हानी झाली तर जबाबदारी मुख्यतः कंपनीची. जे तुम्ही स्वतःजवळ ठेवले, त्याबाबत कंपनीची चूक असेल तरच ती जबाबदार. सोपवले की भार दुसऱ्याचा, धरून ठेवले की आपला. गीतेच्या नवव्या अध्यायातले योगक्षेमाचे आश्वासन आपण सत्संगात किती वेळा ऐकतो! क्षेम म्हणजे जे मिळाले आहे त्याचे रक्षण. ते ईश्वरावर सोपवल्याचे आपण सांगतो, आणि दोन सदरे व एक टॉवेल मात्र दोन तासांसाठी कोणावर सोपवत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी बेंगळुरूजवळच्या एका मौन शिबिरातून मी पुण्याला परतत होतो. सात दिवस न बोलता राहिलो होतो, मन हलके झाले होते. बॅग मात्र जड झाली होती, कारण शिबिरातल्या दुकानातून पुस्तके घेतली होती. बोर्डिंगच्या दारापाशी काटा ठेवलेला. बॅग ९ किलो भरली. मग मी जे केले ते तुमच्यापैकीही काहींनी केले असेल. दोन जाड पुस्तके कोटाच्या खिशांत कोंबली, शाल काढून अंगावर घेतली, एक पुस्तक सोबतच्या साधकाच्या झोळीत सरकवले. काटा ७ वर आला. विमानात चढणारे वजन अर्थातच तेवढेच राहिले. आत गेल्यावर सगळे पुन्हा बॅगेत भरले आणि ती डोक्यावरच्या कप्प्यात आडवी टाकून दिली. शेजारी पुस्तकांची पिशवी आणि घडी घातलेला कोट.

सगळ्यात शेवटी एक वयस्कर गृहस्थ चढले. कप्पे भरलेले. एअर होस्टेस नम्रपणे म्हणाली, "सर, तुमची बॅग खाली पाठवावी लागेल. आत औषधे असतील तर काढून घ्या." त्यांच्या बॅगेत इन्सुलिन होते. ते हातातल्या सामानातच न्यायचे असते, कारण खालच्या भागात थंडीने गोठले तर निकामी होते. ते वाकून बिचारे दोन रांगांमधल्या अरुंद वाटेतच बॅग उघडू लागले. पंचा, जेवणाचा डबा, कपड्यांच्या घड्या, सगळे लोकांच्या पायांशी पसरले. औषधाची पिशवी काही सापडेना. हात थरथरत होते.

मी बरोबर त्या कप्प्याखाली बसलो होतो. डोळे मिटून जप करीत होतो, असे म्हणायला हरकत नाही. खरे म्हणजे सगळे ऐकत होतो. आता उठावे का, या विचारात अर्धे मिनिट गेले. तेवढ्यात मागच्या रांगेतला, कानात इअरफोन घातलेला एक तरुण उठला, त्याने स्वतःची बॅग खाली काढली आणि म्हणाला, "काका, राहू द्या. माझी पाठवतो." त्याला कोणत्या शिबिराला जाऊन आल्यासारखे तरी वाटत नव्हते.

तो प्रसंग मनातून जात नाही. मी त्या गृहस्थांचे काही चोरले नव्हते. पण कप्पा सर्वांचा होता आणि त्यातला दुसऱ्याचा वाटा मी कोटाची घडी ठेवून वापरला होता. यमांमध्ये अपरिग्रहाच्या आधी अस्तेयही आहे. इतके दिवस माझी बॅग मी फक्त माझ्या संदर्भात तोलत होतो, मला किती लागते, माझे मन किती गुंतले आहे. शेजारच्याला किती जागा उरते, हा प्रश्न त्या तोलण्यात कधी आलाच नव्हता.

मग सगळेच सोपवून मोकळे व्हावे का? तसेही नाही. काही गोष्टी स्वतःजवळच ठेवाव्या लागतात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, हातातच न्याव्या लागतात. ती बॅटरी मौल्यवान असते म्हणून नव्हे. ती पेटू शकते, आणि माणसांच्या नजरेसमोर पेटली तर लगेच विझवता येते. आपल्या प्रसादातले सुके खोबरेही विमान कंपन्या धोकादायक मानतात, तेलामुळे ते आपोआप तापू शकते. आपला राग, जुने वैर ही असलीच वस्तू आहे. "मी ते देवावर सोडले" म्हणून आपण ते खाली अंधारात ढकलतो आणि वर निश्चिंत बसतो. ते सोपवणे नसते. जे पेटू शकते ते समोर ठेवून त्याच्याकडे पाहत बसावे लागते. ध्यानाला बसणाऱ्याला हे काम परिचयाचे आहे.

खरी कसोटी अर्थात वेगळ्याच वेळी लागते. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले विमान दुबईत उतरताना धावपट्टीवर आपटले आणि पेटले. आतले सर्व ३०० जण बाहेर पडले. पुढे झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचा एक जवान मात्र मृत्यू पावला. आतल्या चित्रफितीत लोक कप्पे उघडून बॅगा काढताना दिसतात. यावर पुष्कळ टीका झाली. मला ती जिवावर येते. आखातात नोकरीला जाणाऱ्याचा पासपोर्ट, कराराचे कागद, कधी दागिने, सगळे आयुष्य त्या बॅगेत असते. आपण घरात बसून त्याला वैराग्य शिकवणे सोपे आहे. पण निम्म्या दारांतून ९० सेकंदांत सर्व प्रवासी बाहेर पडू शकतात, हे विमानाला मान्यता मिळण्याआधी दाखवावे लागते, आणि त्या हिशोबात बॅगा धरलेल्या नसतात. मागे कोणीतरी उभे असते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटले. त्या लहान विमानातले पाच जण गेले, पण प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण वाचले. बहुतेकांनी सामान जागीच सोडले होते. ते सगळे संन्यासी असतील असे नाही. मागच्याची वाट अडवायची नाही, एवढे त्यांना त्या धुरातही आठवले.

शबरीमलेला निघालेला अय्यप्पा भक्त डोक्यावर इरुमुडी घेतो, दोन कप्प्यांचे गाठोडे. पुढच्या कप्प्यात देवाचे, पाणी काढून तूप भरलेला नारळ. मागच्यात स्वतःची शिधासामग्री. एरवी विमानात हातातल्या सामानात नारळ चालत नाही. पण २०२२ च्या अखेरीस नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोने यात्रेच्या काळापुरती, तपासणी करून, ही इरुमुडी सोबत नेण्याची सवलत दिली. भक्त तो नारळ प्रवासभर जिवापाड सांभाळतो, कोणाच्या ताब्यात देत नाही. आणि सन्निधानात पोचल्यावर तूप अभिषेकाला देतो, करवंटी अग्नीत टाकतो. इतके घट्ट धरलेले सामान मुळात देऊन टाकण्यासाठीच नेलेले असते.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा शिबिराला जायचे आहे. कपड्यांची बॅग यंदा चेक-इन करणार आहे. औषधे, चार्जर आणि जपमाळ झोळीत, झोळी समोरच्या आसनाखाली. परतताना पुस्तकांचे काय करायचे, ते अजून ठरत नाही.