चिठ्ठीवरचा आकडा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नावाखाली बारीक अक्षरात एक आकडा असतो. नोंदणी क्रमांक. तो चिठ्ठीवर आणि पावतीवर छापणं, दवाखान्यात दिसेल असा लावणं २००२च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या यादीत तो शोधला की पदवी कळते, नोंदणी चालू आहे की नाही तेही कळतं. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. अण्णांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तरुण सर्जनचा हा आकडा मी तपासला. पदवी होती, पदव्युत्तर पदवीही होती, मुदत शिल्लक होती.

तरी मी मोबाईल खाली ठेवला नाही. कॉलेज कुठलं, प्रवेश कोणत्या वर्षीचा, हे शोधत राहिलो. नेमकं काय हवं होतं मला?

उत्तर टाळता येत नाही. त्याचं आडनाव वाचून मला त्याच्या प्रवेशाचा कोटा जाणून घ्यायचा होता. यादीत तसा रकाना नाही, आणि नसावाच. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या परीक्षेत पास होण्याची रेघ सगळ्यांना एकच असते, हे मला ठाऊक होतं. भरमसाट फी भरून मॅनेजमेंट कोट्यातून शिकलेल्या डॉक्टरांबद्दल अशी शंका माझ्या मनात कधी डोकावली नाही. त्यांची आडनावं ओळखीची होती. मोठ्या हॉस्पिटलात तर काचेचं दार, टोकन आणि एसी एवढ्यावरच माझं समाधान होतं; तिथे कुणाचा नंबर मी आजवर पाहिलेला नाही.

तपासणं चूक नाही. पूनम वर्मा यांच्या खटल्यात, होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि रुग्ण दगावला होता. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलं. पुढे २०१४ साली राज्याने कायदा बदलला आणि औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ती औषधं देण्याची वाट मोकळी केली. त्यावरून वादही झाले, कोर्टकचेऱ्याही. म्हणजे पाटीवर नुसतं 'डॉक्टर' वाचून भागत नाही.

आणि इथेच माझी पंचाईत आहे. आमचे घरचे डॉक्टर होमिओपॅथच. ताप उतरला नाही की अँटिबायोटिक लिहून देतात. तो अभ्यासक्रम त्यांनी केलाय का, हे मी विचारलेलं नाही. त्यांच्या हाताला गुण आहे, असं घरात सगळेच म्हणतात. आई गेली त्या रात्री ते पायात स्लीपर अडकवून धावत आले होते. अशा माणसाची नोंदणी तपासायची म्हणजे उपकार विसरल्यासारखं वाटतं. अनोळखी सर्जनबाबत मात्र मला कसलाच संकोच झाला नाही, आणि त्या सावधपणाला मी कर्तव्य म्हणत होतो. कर्तव्यच असेल, तर ते ओळखीच्या दारापाशी का अडतं?

ऑपरेशनपूर्वी सर्जनने अण्णांना खुर्ची जवळ ओढून सगळं समजावून सांगितलं, जाळी का बसवायची तेही. मी ऐकत होतो, पण अर्धं लक्ष भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर होतं.

घरच्या डॉक्टरांचा नंबर जुन्या चिठ्ठीवर आहे. होमिओपॅथीची परिषद वेगळी, तिची यादीही वेगळी. ती मी अजून उघडलेली नाही.