पडण्याआधीचा कठडा



उघड्या बोअरवेलमध्ये मूल पडल्याची बातमी आली की सारा देश हळहळतो. जुलै २००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा असाच खोल पडला. सैन्याच्या जवानांनी शेजारच्या विहिरीतून बोगदा काढून दोन दिवसांनी त्याला सुखरूप वर आणले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तामिळनाडूतील तिरुचिरापल्ली जिल्ह्यात दोन वर्षांचे बाळ पडले. चार दिवस प्रयत्नांची शर्थ झाली, पण ते वाचले नाही. दोन्ही वेळा लोकांनी मनापासून प्रार्थना केली होती.

अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, ‘देवाची मर्जी!’ पण खड्डा काही देवाने उघडा ठेवलेला नसतो. पाणी लागले नाही म्हणजे आत घातलेला केसिंग पाइप दुसरीकडे वापरण्यासाठी उपसून काढतात. उरते ते जेमतेम वीतभर रुंदीचे, शेकडो फूट खोल भोक. त्यावर कोणी गोणपाट टाकतो, कोणी झावळी. आठवड्याभरात गवत माजते आणि सारे विसरतात.

येथे विचार करण्यासारखा एक प्रश्न आहे. दोन माणसांनी असे खड्डे उघडे टाकले. एकाच्या खड्ड्याकडे कधी कोणी फिरकले नाही. दुसऱ्याच्या खड्ड्यात शेजाऱ्याचे मूल गेले. दुसऱ्याला आपण दोषी ठरवतो आणि पहिला उजळ माथ्याने वावरतो. पण दोघांच्या वागण्यात फरक कोणता? दोष मूल पडले त्या दिवशी घडला, की खड्डा उघडा टाकून पाठ फिरवली त्या दिवशी? आम्हांला वाटते, पाठ फिरवली त्याच दिवशी. ‘आजवर काही झाले नाही’ हा आपल्या निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. ते फक्त नशीब असते.

पवित्र शास्त्राला हा विषय परका नाही. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात उघड्या खड्ड्यात कोणाचे जनावर पडले तर खड्डेवाल्याने भरपाई द्यावी असे सांगितले आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आज्ञा एक पाऊल पुढे जाते. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा बांध, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, असा तिचा आशय आहे. कोणी पडण्याची वाट ती पाहत नाही. घर बांधतानाच कठडा मागते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली नेमका असाच कठडा मागितला. बोअर मारण्यापूर्वी निदान १५ दिवस आधी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, कामाभोवती काटेरी तारेचे कुंपण घालावे, फलक लावावा, केसिंगच्या तोंडावर लोखंडी झाकण पक्के बसवावे, सोडून दिलेला खड्डा माती, वाळू, दगडगोट्यांनी जमिनीच्या पातळीपर्यंत भरावा, असे न्यायालयाने सांगितले. गावपातळीवर देखरेखीचे काम सरपंच आणि कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिले. हे नियम २०१९ मध्येही कागदावर होतेच.

कोणी म्हणेल, कर्ज काढून बोअर मारली, पाणी लागले नाही. आता भराव घालायला पैसे कोठून आणायचे? ही अडचण खोटी नाही. म्हणूनच हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. यंत्र घेऊन येणारा, पंचायत आणि रोज त्या वाटेने जाणारे आपणही त्यात वाटेकरी आहोत. मूल अडकल्यावर सारा गाव फावडी घेऊन धावतो. त्यातलीच चार माणसे आधी एक सकाळ आली असती तर?

सगळेच अपघात टाळता येत नाहीत. पण जो आपल्या हाताने टळू शकतो, तो टाळणे हीच शेजारप्रीती आहे. अशा प्रेमाचे कौतुक होत नाही, कारण न घडलेल्या अपघाताची बातमी होत नसते. वाचलेल्या मुलालाही कळत नाही की आपण वाचलो.

आजच्या रविवारी घरी गेल्यावर आपण आपली वाडी एकदा फिरून पाहू या. विहिरीचा कठडा, टाकीचे झाकण, जुन्या बोअरचे तोंड. शेजाऱ्याचे उघडे दिसले तर त्याला नावे ठेवू नये. घमेले घेऊन त्याच्या मदतीला जावे.